मेटची पंगत

१

वैशाखातल्या दुपारी जळगावात शहाणा माणूस घराबाहेर पडत नाही, आणि मास्तरकीवर पोट भरणारा राजदीप तायडे स्वतःला शहाणा समजत असे. सकाळी स्पर्धा परीक्षेच्या मुलांचा इंग्रजीचा क्लास आटोपून तो घरी यायचा, दारं-खिडक्या लावायचा, कूलर बंद करायचा आणि घामाने निथळत मोबाइलसमोर उभा राहायचा. रोज एका इंग्रजी शब्दाचा व्हिडिओ. आधी त्या शब्दाचे सगळे अर्थ, आणि शेवटी तो मूळचा कुठला, कुणाच्या घरातून निघून कुणाच्या घरी नांदायला आला, त्याची गोष्ट. मुलं अर्थ विसरत, गोष्ट विसरत नसत. कूलर चालू ठेवला तर आवाज टाकीतून आल्यासारखा येई, म्हणून एवढा वेळ उकाडा सोसायचा. त्याबद्दल त्याची काही तक्रार नव्हती.

त्याची तक्रार होती ती शेजारच्या खोलीबद्दल. तिथे त्याचे वडील पितांबर आबा जमिनीवर सतरंजी टाकून भिंतीला टेकून बसलेले असत आणि त्यांच्यापुढे ताट निवत पडलेलं असे.

हिवाळ्यात आई, द्रौपदाबाई, गेली. तिच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात आबा ताठ उभे राहून सगळ्यांशी बोलले, कुणाच्या गळ्यात पडून रडले नाहीत. मग त्यांना बोदवडहून जळगावला आणलं, आणि इथे आल्यावर माणूस घासाघासाने कमी व्हायला लागला. आधी रात्रीचं जेवण सुटलं, मग सकाळचं. राजदीपची बायको संघमित्रा एका खासगी दवाखान्यात नर्स. कामावर निघण्याआधी ती कळण्याची भाकरी, ठेचा, वांग्याची भाजी सगळं करून जाई, आणि आल्यावर ते तसंच्या तसं झाकलेलं बघे.

"दोन घास, आबा," राजदीप विनवायचा.

"एकलं जेवाले घास उतरत नही, भाऊ," आबा म्हणत. त्यात रुसवा नव्हता. पंखा बंद आहे हे सांगावं तसं सांगत.

दवाखान्यात नेल्यावर डॉक्टर त्याहूनही साधेपणाने बोलले. असंच चाललं तर नाकातून नळी घालू, पण या वयात ते शरीर फार दिवस ओढणार नाही. राजदीपने मान हलवली आणि बाहेर येऊन गाडीची किल्ली खिशात असताना सगळीकडे शोधली.

२

त्या दिवशीचा शब्द होता मेट.

"बघा, हा शब्द दिसायला एक, पण घरं दोन," तो मोबाइलकडे बघत सांगत होता. "मेट म्हणजे सोबती. मेट म्हणजे जोडीतला दुसरा, मग पाखरांत असो की माणसांत. जहाजावरचा कप्तानाच्या खालचा अधिकारी, तोही मेट. आणि बुद्धिबळातला मेट? तो यांचा कुणी नाही. तो फारसीकडून आलाय, आपल्या शह-मातमधला मात तोच. राजाला हलायला जागा उरली नाही, एवढंच तो सांगतो. मग सोबतीवाला मेट कुठला? तो उत्तरेकडच्या जर्मन किनाऱ्यावरचा, आणि मीट या शब्दाचा भाऊबंद. तेव्हा मीट म्हणजे नुसतं मटण नव्हतं, कुठलंही अन्न. म्हणून मेट म्हणजे जो आपल्या अन्नाला बसतो तो."

दार किलकिलं झालं. आबा उभे होते, चौकट धरून.

"आम्हना मेट? रेल्वेना?"

"तोच, आबा. तुम्ही होतात तोच. मूळ अर्थ, सोबत जेवणारा."

आबा हसले. आई गेल्यापासून राजदीपने ते पहिल्यांदा पाहिलं. बोदवडच्या बाजूला रुळांवर खडी भरणाऱ्या गँगचे ते मुकादम होते, म्हणजे मेट, आणि निवृत्तीनंतरही गावात त्यांना कुणी नावाने हाक मारत नव्हतं.

"इंग्रज काही येडा नव्हता," ते म्हणाले आणि तिथेच खाली बसून सांगायला लागले. गँग रुळावर लांबवर पांगलेली असे. जेवणवेळेला मेटने लिंबाखाली उभं राहायचं आणि हाळी द्यायची, बठ्ठा उनात का? सगळे आले का? "शेवटला मानूस येत नही तवलोंग मेट डबा उघाडत नही. अन् मेट 'उठा' म्हनत नही तवलोंग कोनी उठत नही. डबा बठ्ठास्ना मधमा. कोनी कोनले जात इचारी नही. बठ्ठास्नी भूक एकच."

राजदीपच्या डोक्यात कल्पना चमकली. मास्तरांच्या डोक्यात अशा कल्पना चमकतात आणि निस्तरायच्या वेळी मास्तर एकटेच असतात.

"मग द्या ना हाळी," तो म्हणाला. "तुम्ही मेट. लोकांना बोलावल्याशिवाय तुम्ही जेवाल कसे?"

आबांनी त्याच्याकडे पाहिलं. मग आपल्या खोलीत जाऊन सतरंजी बाजूला सारली, फरशीवर मांडी घातली, ताट पुढे ओढलं, आणि बंद खिडकीकडे तोंड करून, अंगात उरला होता तेवढा सगळा आवाज काढून ओरडले, "बठ्ठा उनात का?"

थोडा वेळ थांबले. मान हलवली. आणि भाकरी मोडली.

३

त्या संध्याकाळी संघमित्रा रिकामं ताट हातात धरून नुसती बघत राहिली. "काय केलंत तुम्ही?" तिने विचारलं, आणि राजदीपने फुशारकी मारत सगळं सांगितलं. ती हसता हसता रडली.

मग रोजचंच झालं. इकडे राजदीप मोबाइल लावायचा, तिकडे आबांची हाळी उठायची. अर्धी भाकरी होती ती एक झाली, मग दोन. गालांवर मांस आलं. डॉक्टरांनी वजन बघून राजदीपचा हात हातात घेतला. संघमित्रा पहाटे जास्तीचं पीठ मळायला लागली, कारण भाकरीच्या टोपलीत काही उरेनासं झालं.

"एवढं आबाच खातात?" तिने एकदा विचारलं.

"खाऊ दे की."

"खाऊ देच. पण मी रोज पेशंटची पोटं बघते हो. म्हाताऱ्या पोटात किती मावतं ते मला कळतं."

शेजारच्या गायीला टाकत असतील, असं दोघांनी ठरवलं. शेजारी गाय नव्हती, गल्लीत कुठेच नव्हती, पण दोघांनाही ते उत्तर सोयीचं होतं.

मग एका व्हिडिओखाली एका मुलीने लिहिलं, सर, घरी कार्यक्रम आहे का? मागे पंगत बसलीय. दुसऱ्याने लिहिलं, सर एकटेच शिकवताय, आम्हाला पण वाढा. खाली हसरे चेहरे.

राजदीपही हसला. मग त्याने कानात इअरफोन घालून तो व्हिडिओ लावला. स्वतःचा आवाज आला. स्वतःच्या दोन वाक्यांच्या मध्ये, जिथे तो श्वास घेतो तिथे, डब्याचं झाकण निघाल्याचा आवाज आला. मग दुसरं झाकण. मग एकाच वेळी बरीच माणसं सावकाश, मन लावून चावताना येतो तो आवाज. कुणीतरी कांदा बुक्कीने फोडला.

त्याने इअरफोन काढले. घरात स्टीलचे डबे होते, पण ते वर फडताळात होते.

४

भूतखेत या घराला माहीत नव्हतं. बोदवडच्या क्वार्टरमध्ये अंगारा घेऊन आलेल्या एका बुवाला आबांनी चहा पाजून, बसचं तिकीट काढून देऊन परत पाठवलं होतं. लहानपणी राजदीप अंधाराला घाबरला की आबा त्याचा हात धरून अंधारात घेऊन जात आणि म्हणत, चाचप, काय शे ते सांग. तिथे नेहमी खुर्ची नाहीतर पेटी असे.

म्हणून दुसऱ्या दुपारी राजदीपने व्हिडिओ केला नाही. तो या खोलीतून त्या खोलीत फिरत राहिला. पाणी प्यायला, न तहानता परत प्यायला. हाळी उठली. मग ओट्यावर, बाहेर, लोखंड भिंतीला टेकवल्याचा आवाज आला. ठण्ण. पुन्हा ठण्ण. एकामागून एक, कामावरून आलेली माणसं पहारी टेकवून ठेवतात तसा. त्याने खिडकीची फट करून पाहिलं. ओटा पांढराशुभ्र तापला होता आणि त्यावर काही नव्हतं. फक्त तापलेल्या लोखंडाचा आणि ग्रीसचा वास फटीतून आत आला. जवळच्या गॅरेजचा असेल, असं त्याने स्वतःला सांगितलं. ते गॅरेज दुपारी बंद असतं, हे स्वतःला सांगितलं नाही.

तो आबांच्या दारात गेला. आबा एकटे होते. भाकरी मोडत होते, आणि मोडता मोडता नजर उजवीकडून डावीकडे फिरवत होते, बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर. सगळ्यांना पुरतंय की नाही बघत होते.

"आबा, कोण येतं?"

"कोन म्हंजे? गँग."

"त्यातले बरेच जण गेले ना हो? तुम्हीच सांगायचात. कुणी आजाराने, कुणी रुळावर."

"गयात म्हनीसन काय जेवाना नहीत?" आबा म्हणाले. त्यांना राग आला होता. पाहुण्यांसमोर पोराने भलतंच बोलावं आणि बापाला लाज वाटावी, तसा राग होता.

त्यांचं आटोपल्यावर राजदीप ताट उचलायला वाकला. शहाबादी फरशीवर ओले गोल होते, पाण्याचे पेले ठेवल्यावर राहतात तसे. आबांच्या समोरून अर्धवर्तुळात लागून लागून, एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत. आबांचा पेला एकच होता आणि तो त्यांच्या हातात होता. उन्हाळ्याच्या त्या हवेत गोल बघता बघता वाळले. फक्त दाराच्या बाजूला, एकेका माणसाची जागा धरली तर एका माणसाएवढी, फरशी आधीपासूनच कोरडी होती.

त्याने संघमित्राला सांगितलं नाही. सांगून काय करणार? बाप जेवत होता. त्याला जगवायचं होतं, आणि तो जगत होता. एवढ्यासाठी राजदीप फरशीवरचे ओले गोल खुशाल विसरायला तयार होता, आणि विसरता येत नव्हतं म्हणून रात्री कूस बदलत होता.

५

मग एका दुपारी हाळी उठली, आणि तिच्यामागे भाकरी मोडली गेली नाही.

राजदीप धावत गेला. आबा ताटावर हात ठेवून दाराजवळच्या त्या कोरड्या जागेकडे बघत बसले होते, जणू ती त्यांना आजच दिसली होती.

"काय झालं?"

"एक येवाना शे."

ते वाट बघत राहिले. भाजीवर पापुद्रा धरला. संध्याकाळी संघमित्राने ते ताट उचललं तेव्हा आबांनी तिच्याकडेही पाहिलं नाही, दाराकडेच बघत होते. दुसऱ्या दिवशी तेच. पाण्याचा घोट तेवढा घेत. वाढलेलं मांस जितक्या मुश्किलीने आलं होतं तितक्या झपाट्याने गेलं. डोळे खोल गेले आणि त्यांचा रंग बदलला.

राजदीपने खोटं बोलून पाहिलं. "आले सगळे, आबा. मी बघितलं. घ्या आता."

आबांनी त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की तो पुन्हा लहान झाला. "मेट तू शे का मी?"

"मग कोण राहिलंय? नाव सांगा, मी शोधून आणतो. बोदवडला जातो, गाडी काढतो."

"जागा मोकळी दिसस माले," आबा हळूच म्हणाले. "नाव याद येत नही."

संघमित्राने आबांची नाडी बघितली, कातडी चिमटीत धरून बघितली. ती बाहेर आली आणि दार लोटून म्हणाली, "आता वाट बघायची नाही. मी उद्या अर्ध्या दिवसाने येते, दवाखान्याची गाडी सांगून ठेवते. नळी घालू. तुम्ही मध्ये येऊ नका."

"नळीने ते..."

"माहीत आहे मला. रोज बघते मी. पण उपाशी ठेवून तर मारायचं नाही ना आपल्याला?"

तिचं बरोबर होतं. राजदीपला नळी लावलेले आबा डोळ्यांसमोर दिसले, हात पलंगाला बांधलेले, कारण अशी माणसं नळी ओढून काढतात. तो रात्रभर घरात फिरत राहिला. हे सगळं आपण सुरू केलं, हे त्याला ठाऊक होतं. गंमत म्हणून नाही, प्रेमापोटी. पण सुरू आपणच केलं.

६

दुसऱ्या दिवशी संघमित्रा यायला अजून वेळ होता. हाळी उठली. आवाज आता घशातच राहत होता. बाहेर पहारी टेकल्या, ठण्ण, ठण्ण, आणि थांबल्या.

राजदीप स्वयंपाकघरात उभा होता. त्याने आपलं ताट काढलं, त्यात भाकरी, ठेचा, भाजी वाढली, पाण्याचा पेला भरला आणि आबांच्या खोलीत गेला. चाचप, काय आहे ते सांग. दाराजवळची कोरडी जागा त्याने पायाने चाचपली. मग मांडी घातली आणि बसला.

आबांचा चेहरा उघडला. दुसरा शब्द राजदीपला सुचला नाही.

"उना!" ते म्हणाले. "चला रे, आते बठ्ठा जेवा."

आणि त्यांनी भाकरी मोडली. घास चावला, गिळला, दुसरा घेतला. राजदीप त्यांच्या हाताकडे बघत राहिला, तोंडाकडे बघत राहिला, आणि आनंदाने त्याला रडू यायला लागलं. म्हणून आजूबाजूला काय सुरू झालंय, ते कळायला त्याला वेळ लागला.

डावीकडे कुणीतरी चावत होतं. उजवीकडे भिंत असायला हवी होती, तिथे कुणीतरी समाधानाने नाकातून श्वास सोडला. घामाचा, खडीच्या धुळीचा वास होता. राजदीपने नजर ताटातून वर केली नाही. उकाड्याने माणसाला भास होतात, रात्रीची झोप नाही, पोटात काही नाही, हे सगळं त्याने मनात म्हटलं, आणि ते सगळं खरंही होतं.

मग डावीकडून त्याच्या ताटात हात आला. नखं तुटकी, त्यांच्या कडांना काळं ग्रीस. तळव्याच्या रेषांत दगडाची पांढरी पूड. हाताने त्याच्या ताटातला ठेचा चिमटीभर घेतला, रोजचं असल्यासारखा, आणि घाई न करता परत गेला. थोड्या वेळाने त्याच हाताने आपल्याकडच्या कांद्याची एक फोड राजदीपच्या ताटात ठेवली.

राजदीपने ती खाल्ली. का खाल्ली ते त्याला सांगता आलं नसतं. ठेवली होती आणि न खाणं वाईट दिसलं असतं.

७

आबांनी ताट पुसून घेतलं. पाणी प्यायले, मोठी ढेकर दिली, आणि भिंतीला डोकं टेकून डोळे मिटले. चेहऱ्यावर इतकी तृप्ती राजदीपने आईच्या हातचं जेवतानाही पाहिली नव्हती.

तो थांबला. सगळे थांबले होते. चावण्याचा आवाज संपला होता, झाकणं बसली होती, आणि कुणी हलत नव्हतं.

आबांची छाती हलत नाही, हे त्याला बऱ्याच वेळाने दिसलं. दिसलं तरी तो उठला नाही. पाय शाबूत होते, कुणी धरून ठेवलं नव्हतं. ऊठ, त्यांना हलव, फोन कर, असं डोकं सांगत होतं. पण दोन्ही बाजूंना इतकी माणसं मांड्या घालून स्वस्थ बसलेली असताना एकट्याने उठणं त्याला जमेना. तो तसाच बसून रडला.

फाटक वाजलं. संघमित्रा आत आली, दारातच तिने पर्स टाकली, आणि आबांजवळ गुडघे टेकून त्यांचं मनगट धरलं. मानेला बोटं लावली. पापणी वर करून पाहिली. मग पुन्हा मनगट धरून बराच वेळ बसली, आशेने, ज्या आशेला काही आधार नाही हे तिला इतरांपेक्षा जास्त कळत होतं.

"केव्हा?" तिने विचारलं.

"जेवण झाल्यावर."

तिने रिकामं ताट पाहिलं. "जेवले?"

"पोटभर."

तिने तोंडावर पदर धरला. मनगट सोडलं नाही. "गेले हो आपले आबा," ती म्हणाली. "गार पडत चाललेत. आता चला. बोदवडला कळवायला हवं."

राजदीपने ऐकलं. पण आता त्याला दुसरंच काही जाणवत होतं. इतका वेळ खोलीतल्या सगळ्यांचं तोंड आबांकडे होतं. ते एकेक करून वळत होतं. तो मान वर करत नव्हता, तरी त्याला कळत होतं, उन्हाचा चटका कुठल्या गालावर बसतोय ते डोळे मिटूनही कळतं तसं. सगळे त्याच्याकडे बघत होते. त्यांना कामावर जायचं होतं, आणि कुणीतरी सांगायला हवं होतं.

शब्द त्याला ठाऊक होता. तो बोलला नाही तर हे सगळे इथेच बसून राहतील, आणि त्यांच्यात आबाही, हे त्याला कळलं. त्याला तेच हवंसं वाटलं. बाप भिंतीला टेकून, पोट भरलेला, समोर. लोक म्हणोत काय म्हणायचं ते. किती तरी वेळ त्याने ओठ घट्ट मिटून ठेवले.

मग त्याला वाटलं, आबांनी आपली माणसं अशी ताटकळत ठेवली नसती.

"उठा," राजदीप म्हणाला.

त्याच्या डावीकडे आणि उजवीकडे फरशीला हात टेकले गेले, गुडघे कडकडले, कुणीतरी खाकरलं.

"काय म्हणालात?" संघमित्राने मान वर केली, आणि तिच्या मुठीतला आबांचा हात बोटांमधून अलगद सुटून गेला. तो खाली पडला नाही.